सांगितलं आणि पोचलं: स्लॅबच्या साईटवर निरोप कुठे हरवतो

स्लॅब उद्या सकाळी सहाला आहे. आज संध्याकाळी पाच वाजता पाचव्या मजल्याचं लोखंडाचं ड्रॉईंग साईटवर तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी ते वेगळं आहे. ऑफिसच्या टेबलावर आर-२, म्हणजे दुसरी रिव्हिजन (सुधारित आवृत्ती), पसरलंय. लोखंडाच्या यार्डात फिटरने, म्हणजे सळ्या कापून बांधणाऱ्याने, वीट ठेवून दाबून ठेवलेला कागद आर-१ आहे. सुपरवायझरच्या मोबाईलमध्ये एक पीडीएफ आहे, तिच्या नावात ‘फायनल’ लिहिलंय, पण रिव्हिजनचा आकडा नाही. तिघेही मन लावून काम करताहेत, आणि आपण ड्रॉईंगप्रमाणेच चाललोय अशी तिघांचीही खात्री आहे.

प्रकल्पातला संवाद बिघडतो तो बहुतेक वेळा असा. कुणी भांडलेलं नसतं, कुणी माहिती दडवलेली नसते. निरोप निघालेला असतो, पण पोचलेला नसतो, आणि पाठवणाऱ्याच्या लेखी काम झालेलं असतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधल्या संवादाचं सगळं शास्त्र ‘सांगितलं’ आणि ‘पोचलं’ यांच्यामधल्या या फटीभोवती फिरतं. ती फट नीट दिसावी म्हणून इथे एका सात मजली पुनर्विकासाच्या इमारतीचा एक स्लॅब घेऊ. ऑफिसच्या कामात चुकलेली ओळ दुसऱ्या दिवशी बदलता येते. ओतलेला स्लॅब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आधी माणसं मोजू. विकासकाचा प्रोजेक्ट मॅनेजर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (लोखंड-काँक्रीटचं गणित करणारा अभियंता), ठेकेदार, साईट इंजिनिअर, सुपरवायझर, सेंटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) मुकादम, फिटरचा मुकादम, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लिफ्टवाले आणि आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणारा) प्लांट. झाले बारा. बारा जणांनी एकमेकांशी एकदाच हात मिळवायचा म्हटलं तरी ६६ जोड्या होतात, कारण प्रत्येकाला बाकीचे अकरा भेटतात आणि १२ गुणिले ११ भागिले २ म्हणजे ६६. माणसं सहा असती तर जोड्या १५ झाल्या असत्या. माणसं दुप्पट झाली की बोलण्याच्या वाटा चौपटीहून जास्त होतात. म्हणून ‘सगळ्यांनी सगळ्यांशी मोकळेपणाने बोलावं’ हा सल्ला ऐकायला छान वाटला तरी बारा जणांच्या साईटवर त्याने गोंधळच वाढतो. कुठला निरोप कुठल्या वाटेने जाणार हे आधी ठरवावं लागतं. प्लंबरने आर्किटेक्टला परस्पर फोन करून शाफ्टची जागा सहा इंच सरकवून घेतली, तर ते दोघे मोकळेपणाने बोलले हे खरं, पण कन्सल्टंटच्या बीममधून आता पाईप जातोय आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.

एका बाल्कनीचा प्रवास

आता एकच बदल घेऊन त्याच्या मागोमाग जाऊ. फ्लॅटधारकांच्या मागणीवरून बाल्कनी १.२ मीटरऐवजी १.५ मीटर करायचं ठरलं. कँटिलिव्हरमध्ये, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या, बाहेर निघालेल्या स्लॅबमध्ये, भाराचा परिणाम लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एक फूट वाढवलेल्या बाल्कनीवर ताण साधारण दीडपटीहून जास्त होतो. कन्सल्टंटने त्याप्रमाणे वरच्या सळ्या १० मि.मी.च्या १२ मि.मी. केल्या, त्यांच्यातलं अंतर १५० मि.मी.वरून १२५ मि.मी.वर आणलं आणि आर-२ पाठवलं. ईमेल गेलं, ग्रुपवर पीडीएफ पडली, चार जणांनी अंगठा दाखवला.

हा बदल प्रत्यक्षात किती ठिकाणी पोचायला हवा? आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये पोचायला हवा, कारण रेलिंग आणि खालचा पागोळीचा खाचा तिथून ठरतो. सेंटरिंगच्या सुताराकडे पोचायला हवा, कारण प्लाय फूटभर पुढे न्यायचाय आणि बाहेरची टेक्यांची (खालून आधार देणाऱ्या खांबांची) रांग बदलणार आहे. साईट ऑफिसच्या भिंतीवर, सुपरवायझरच्या खिशातल्या घडी घातलेल्या कागदावर, मोबाईलवर तर हवाच. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, साईटच्या भाषेत बीबीएस.

बीबीएस म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची, कुठे वाकवायची आणि किती नग, याचा तक्ता. फिटर ड्रॉईंग क्वचितच उघडतो, तो या तक्त्यावर चालतो. आर-१ प्रमाणे बाल्कनीची सळई बाहेर १.२ मीटर आणि आत खोलीच्या स्लॅबमध्ये त्याच्या दीडपट, म्हणजे १.८ मीटर, अशी एकूण ३ मीटर होती. टोकाचा वाक इथे सोपेपणासाठी सोडून देऊ. आर-२ मध्ये तीच सळई १.५ अधिक २.२५, म्हणजे ३.७५ मीटर झाली. सळ्या १२ मीटर लांबीच्या येतात. तीन मीटरचे चार तुकडे अगदी चोख बसतात, इंचभरही वाया जात नाही. ३.७५ चे तीनच निघतात आणि पाऊण मीटरचा तुकडा उरतो. जुन्या मापाचे दीडशे तुकडे कापून यार्डात पडलेले असताना नवं ड्रॉईंग आलं, तर फिटरच्या मुकादमाला ते मनापासून नको असणार, हे समजून घ्यायला हवं. ज्याला बदलाचा तोटा होतो त्याच्यापर्यंत निरोप सगळ्यात उशिरा पोचतो, आणि पोचला तरी सगळ्यात हळू पचतो. म्हणून ड्रॉईंग बदललं की बीबीएस त्याच दिवशी बदलायचं, त्याच्या डोक्यावर ‘ड्रॉईंग आर-२ वरून’ असं लिहायचं, आणि कापून पडलेल्या तुकड्यांचं काय करायचं, ते कुठल्या लिंटेलला (दार-खिडकीवरच्या पट्टीला) वापरायचे, हे त्याच बोलण्यात सांगून टाकायचं. नुसतं ‘बदल करा’ म्हटलं की तो बदल यार्डाच्या दारातच अडतो.

कागदाचा नियम एकच आहे आणि तो कडक पाळावा: जुना कागद परत घेतल्याशिवाय नवा द्यायचा नाही. आर-२ चे पाच संच वाटायचे असतील तर आर-१ चे पाचही संच हातात यायला हवेत. एक कमी आला तर तो सापडेपर्यंत शोधायचा. परत आलेल्या कागदावर लाल पेनने आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचं. एक संच नोंदीसाठी फाईलला, बाकीचे फाडून टाकायचे. कुठलं ड्रॉईंग, कुठली रिव्हिजन, कुणाला, कुठल्या तारखेला, सही, अशा पाच रकान्यांची साधी वही पुरते. मोबाईलमधली पीडीएफ मात्र परत घेता येत नाही. म्हणून साईटवर ठरवूनच टाकावं की बांधकाम फक्त ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’चा शिक्का असलेल्या छापील कागदावरून होईल, आणि मोबाईलवरचं चित्र बघण्यापुरतं आहे, मापं घेण्यासाठी नाही. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल करेक्टेड’ ही फाईलची नावं साईटवरून हद्दपार करावीत. ड्रॉईंगचा क्रमांक, रिव्हिजन आणि तारीख एवढंच नाव असावं.

आकडा तोंडाने सांगताना

ड्रॉईंग मिलिमीटरमध्ये असतं. फिटर सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. दहाची सळई म्हणजे तीन सूत, बाराची चार सूत, सोळाची पाच सूत, वीसची सहा सूत. आठची अडीच सूत. सेंटरिंगवाले फूट-इंचात, प्लंबर इंचात आणि लेव्हल बघणारा इंजिनिअर पुन्हा मिलिमीटरमध्ये. या भाषांतरात गोल करताना होणारी एखाद-दोन मिलिमीटरची तफावत कुणाला त्रास देत नाही. त्रास होतो तो एकक न बोलल्यामुळे. ‘बाथरूमचा स्लॅब आठ खाली घे’ म्हणजे आठ इंच की आठ सेंटिमीटर? सांगणाऱ्याच्या डोक्यात शंका नसते, म्हणून तो एकक उच्चारत नाही. आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यातही शंका नसते.

हे फक्त साईटवर घडतं असं कुणी समजू नये. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. एका संघाच्या संगणकातून जोराचे आकडे पाउंडाच्या हिशेबात निघत होते, दुसरा संघ ते न्यूटनच्या हिशेबात वाचत होता. फरक जवळजवळ साडेचार पटीचा. चौकशीत एककांच्या घोळाबरोबरच संघांमधला अपुरा संवाद हेही कारण नोंदवलं गेलं.

आपल्याकडे याच्या जोडीला भाषेचा प्रश्न आहे. मुंबई-पुण्याच्या साईटवर इंजिनिअर मराठी, फिटरची टोळी बिहार, बंगाल किंवा ओडिशाची, आणि दोघांमधली भाषा हिंदी. मिक्सर चालू आहे, ग्राइंडर ओरडतोय आणि चौथ्या मजल्यावरून खाली हाक मारली जाते: ‘डेढ सौ पे बांधो.’ खाली ऐकू येतं ‘ढाई सौ’. दहाची सळई १५० वर बांधली तर मीटरभर रुंदीत ५२३ चौरस मि.मी. लोखंड बसतं, २५० वर बांधली तर ३१४. चाळीस टक्के लोखंड एका अक्षराच्या गोंधळात गेलं, आणि वरून बघितलं तर जाळी अगदी सरळ, नीटनेटकी दिसते.

उपाय फार जुना आहे आणि फुकट आहे. आकडे सुटे बोलायचे, ‘एक-पाच-शून्य’. दीड, अडीच, सव्वा, पाऊण हे शब्द साईटवर मापासाठी वापरायचेच नाहीत. आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. विमानाचा वैमानिक कंट्रोल टॉवरची सूचना परत म्हणतो ते याचसाठी. ‘समझा क्या?’ या प्रश्नाला जगात एकच उत्तर मिळतं, ‘हां साब’, आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘काय करणार ते सांग’ असं विचारावं. फिटर म्हणाला, ‘बाल्कनीत चार सूत, पाच-पाच इंचावर, वरच्या जाळीत, आत साडेसात फूट’, तर निरोप पोचला. २.२५ मीटर म्हणजे ७ फूट ४ पूर्णांक काही इंच, ते त्याने वरच्या बाजूला गोल केलंय, चालेल. तो ‘जैसा बोला वैसा करेंगे’ म्हणाला तर पोचला नाही, पुन्हा सांगायचं. याला पंधरा सेकंद लागतात. त्याहून चांगलं म्हणजे सेंटरिंगच्या प्लायवर खडूने प्रत्येक सळईची खूण मारून ठेवणं. खडूच्या रेघेला भाषा लागत नाही.

प्रश्न विचारायची रीत

साईटवरून वर जाणारे प्रश्न बहुतेक वेळा ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखे असतात. ‘सर, पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत स्टीलचा इश्यू आहे, सांगा काय करायचं.’ कन्सल्टंटकडे एकाच वेळी वीस इमारती असतात. कुठली बाल्कनी, कुठलं ड्रॉईंग, इश्यू काय, घाई किती, हे विचारायला त्याने तीन फोन केले की दिवस संपला. मग साईटवर ‘कन्सल्टंट उत्तर देत नाहीत’ अशी तक्रार, आणि तिकडे ‘साईटला प्रश्नच विचारता येत नाही’ अशी.

हाच प्रश्न असा पाठवून बघा (कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, रिंगा म्हणजे बीमच्या सळ्यांभोवतीच्या कड्या):

‘ड्रॉईंग एस-१०५, आर-२. ग्रिड क-४ ते क-५, बाल्कनी. वरच्या १२ मि.मी. सळ्या बीम १७ च्या वरच्या सळ्यांवरून नेल्या तर कव्हर ३० ऐवजी १८ मि.मी. राहतं. दोन मार्ग दिसतात: बीमच्या रिंगा १२ मि.मी.ने कमी उंचीच्या करणं, किंवा बाल्कनीच्या सळ्या बीमच्या सळ्यांखालून नेणं. दुसऱ्यात बाल्कनीची ताकद कमी होईल असं वाटतं. निर्णय गुरुवारी दुपारी १२ पर्यंत हवा, शुक्रवारी सकाळी रिंगा बांधायला घेणार आहोत. फोटो जोडला आहे, फोटोत टेप दिसतो.’

यात जागा आहे, रिव्हिजन आहे, एकच प्रश्न आहे, विचार करून सुचवलेले मार्ग आहेत आणि मुदत कारणासकट आहे. कारणाशिवाय दिलेली मुदत कुणी पाळत नाही. ‘अर्जंट’ या शब्दाला आता काही किंमत उरलेली नाही, सगळंच अर्जंट असतं. ‘शुक्रवारी सकाळी रिंगा बांधणार’ याला मात्र किंमत आहे. फोटोत टेप किंवा पट्टी धरायची, नाहीतर सळ्यांच्या जंगलाच्या फोटोवरून १८ आहे की ३० हे कुणालाच ठरवता येत नाही.

उत्तराचंही तसंच. अंगठ्याचं चिन्ह हे उत्तर धरायचं नाही. दोन मार्ग विचारले आणि अंगठा आला तर नेमका कुठला मार्ग मंजूर झाला? फोनवर निर्णय मिळाला तर फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत साईट इंजिनिअरने लिहून पाठवायचं: ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे बीम १७ च्या रिंगा कमी उंचीच्या करत आहोत. यात काही चूक असल्यास कृपया आजच कळवावं.’ हे अविश्वासाचं लक्षण नाही. दोन प्रामाणिक माणसांना एकच फोन आठवडाभराने वेगवेगळा आठवतो.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरातलं आहे. १७ जुलै १९८१ रोजी तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पूल छतातून खाली येणाऱ्या एकाच लांब सळईला टांगलेले होते. विहिरीत सोडलेल्या एका दोराला दोन माणसांनी स्वतंत्रपणे धरावं, तसं. लांब सळई बनवणं-बसवणं अवघड, म्हणून पोलादी भाग बनवणाऱ्यांनी तिचे दोन तुकडे सुचवले: छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत एक, आणि त्या पुलाच्या बीमपासून खाली दुसरी. आता खालचा माणूस दोराला नाही, वरच्या माणसाच्या पायांना लोंबकळत होता. वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मुळात पहिली रचनासुद्धा शहराच्या नियमाला पुरेशी नव्हती. बदल झालेल्या ड्रॉईंगवर अभियंत्यांचा तपासल्याचा शिक्का होता, पण तो जोड कुणी नव्याने गणित करून पाहिला नव्हता. या बदलाबद्दल फोनवर काय बोलणं झालं, यावर पुढे दोन्ही बाजूंचं एकमत होऊ शकलं नाही. जबाबदार अभियंत्यांचे परवाने गेले.

आपल्या बाल्कनीसाठी यातून घ्यायची गोष्ट नेमकी आहे. ‘तेच आहे, फक्त बसवायला सोपं केलंय’ अशा शब्दांत येणारा बदल सगळ्यात जास्त तपासायचा. सळई खालून नेणं, एका लांब सळईऐवजी दोन तुकडे जोडणं, बारा मिळत नाही म्हणून दहाच्या जास्त टाकणं, हे सगळं साईटवर ‘तेच’ वाटतं. ते तेच आहे की नाही हे ठरवायचा अधिकार ज्याने गणित केलं त्याचाच. आणि त्याने शिक्का मारताना ‘मी काय तपासलं’ हे एका ओळीत लिहावं, असा आमचा आग्रह आहे. नुसत्या शिक्क्यावरून वाचणाऱ्याला वाटतं सगळं तपासलं, आणि मारणाऱ्याला वाटतं फक्त मापं बघायची होती.

पोर कार्ड

स्लॅब भरण्याआधी सह्यांचा जो कागद फिरतो त्याला पोर कार्ड म्हणतात. सेंटरिंग, लेव्हल, लोखंड, प्लंबिंगच्या स्लीव्ह, विजेचे पाईप आणि फॅन बॉक्स, कव्हर ब्लॉक, आणि शेवटी कन्सल्टंटच्या प्रतिनिधीची सही. हा कागद बहुतेक साईटवर असतो. तो बहुतेक साईटवर सोमवारी भरला जातो, स्लॅब शनिवारी झालेला असताना. मग तो निव्वळ कागदी घोडा.

तो जिवंत ठेवायचा असेल तर सहीशेजारी तारखेबरोबर वेळ लिहायची. ‘शुक्रवार, संध्याकाळी ४.४०’ असं लिहावं लागलं की माणूस जाऊन बघतो. दुसरं, सहीचा अर्थ कार्डावरच छापायचा: ‘मी स्वतः जागेवर जाऊन पाहिलं.’ तिसरं, क्रम पाळायचा. विजेचे पाईप खालची जाळी झाल्यावर आणि वरची बांधण्याआधी पडतात. इलेक्ट्रिशियनला उशिरा कळलं तर तो वरची जाळी उचकटून पाईप घालतो आणि फिटरची आधीची सही निरर्थक होते. म्हणून कन्सल्टंटला निदान २४ तास आधी तपासणीची वेळ कळवायची, आणि त्याच्या तपासणीनंतर कुणीही जाळीला हात लावला तर कार्ड पुन्हा त्याच्याकडे.

आरएमसी प्लांटला जाणारा निरोपही याच दिवशीचा. स्लॅब २२० चौरस मीटर, जाडी १२५ मि.मी., म्हणजे २७.५ घनमीटर. बीम आणि बाल्कनी धरून समजा ४०. सहा घनमीटरच्या गाडीने सात फेऱ्या. ‘उद्या चाळीस क्यूब पाठवा’ एवढं सांगणं अपुरं. काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड एम-३०, पंपाने चढवायचं, पंपाला हवा तेवढा स्लंप (पातळपणा), पहिली गाडी ६ वाजता, दोन गाड्यांत २५ ते ३० मिनिटांचं अंतर, शेवटची गाडी आमचं माप घेतल्याशिवाय भरायची नाही, आणि साईटवर बोलायचं कुणाशी ते एकच नाव. गाड्या एकदम चार आल्या तर चौथी उन्हात दीड तास उभी राहते, आणि आरएमसीच्या मानकाप्रमाणे साधारणपणे दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. मग ड्रायव्हर, पंपवाला आणि मुकादम मिळून गाडीत पाणी सोडतात. काँक्रीट पातळ होतं, सगळ्यांची सोय होते, ताकद जाते. ‘गाडीत काहीही घालायचं तर फक्त प्लांटचा तंत्रज्ञ ठरवेल, आणि साईट इंजिनिअरला दाखवून’ हे वाक्य पंपाशेजारच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहून ठेवावं. ताकद तपासायला चाळीस घनमीटरला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे निदान चार नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे, म्हणजे बारा ठोकळे. कुठल्या गाडीतून घ्यायचे हे आधी ठरवून साच्यांवर क्रमांक टाकलेले असले की ‘सगळे पहिल्याच गाडीचे’ हा प्रकार टळतो.

ओतताना बोलणारा माणूस एकच हवा. पंपाचा पाईप धरणाऱ्याला तीन बाजूंनी तीन जण ओरडून सांगत असतील तर तो कुणाचंच ऐकत नाही. थांब, चालू, हळू यासाठी हाताच्या तीन खुणा सकाळीच ठरवाव्यात. आणि बाल्कनीपाशी एक फिटर शेवटपर्यंत उभा ठेवावा, त्याचं काम फक्त वरची जाळी तिच्या खुर्च्यांवर (जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळ्यांवर) ठेवणं. बाल्कनीचा स्लॅब दीडशे जाड, वरून ३० कव्हर, सळईचा मध्य खालून ११४ मि.मी.वर. घमेली घेऊन जाणाऱ्यांच्या पायाखाली जाळी ४० मि.मी. दबली तर उरतात ७४. बाल्कनीची जवळजवळ एक तृतीयांश ताकद पायदळी गेली, आणि वरून सगळं गुळगुळीत. त्या फिटरला ‘लक्ष ठेव’ म्हणू नका. ‘जाळी खुर्च्यांवरून खाली गेली तर पंप थांबवायचा अधिकार तुला आहे’ असं सगळ्यांसमोर सांगा. अधिकार एकट्याला कानात सांगितला तर त्याचा उपयोग नसतो, बाकीच्यांनाही तो ठाऊक असावा लागतो.

वाईट बातमी वर का जात नाही

टेका हलताना मुकादमाला बहुधा सगळ्यात आधी दिसतो. तो का बोलत नाही? त्याचं बिल मापावर निघतं, थांबलेल्या तासाचे पैसे त्याला मिळत नाहीत. मागच्या वेळी बोलला तेव्हा सगळ्यांसमोर शिव्या बसल्या. इंजिनिअर वयाने लहान आहे, त्याला तोंडावर ‘चुकतंय’ म्हणणं बरं दिसत नाही. ही सगळी कारणं खरी आहेत आणि भित्तिपत्रकं लावून ती जात नाहीत. जातात ती दोन गोष्टींनी. चूक सांगणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा विचारायचा नाही, ‘कुठे, किती, आत्ता काय थांबवू?’ असा विचारायचा. आणि चूक वेळेवर सांगितल्यामुळे वाया गेलेल्या मजुरीचे तास ठेकेदाराच्या बिलात मान्य करायचे. प्रोजेक्ट मॅनेजरला हे पटवणं जड जातं. पण दोन तासांची मजुरी आणि स्लॅब फोडायचा खर्च, ही तुलना एकदा कागदावर मांडून दाखवली की वाद उरत नाही.

आरडाओरडा हे आमच्या मते साईटवरच्या संवादाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. ओरडणाऱ्याला वाटतं काम हललं. प्रत्यक्षात पुढच्या तीन वाईट बातम्यांची तोंडं बंद झालेली असतात.

साप्ताहिक बैठकीबद्दल थोडक्यात. पाऊण तासाहून लांबवू नये. मागच्या आठवड्याची यादी आधी वाचावी. प्रत्येक ओळीत काम, माणसाचं नाव आणि तारीख असावी. ‘ठेकेदाराने बघावं’ असं लिहिलेलं काम कुणीच बघत नाही. इतिवृत्त त्याच संध्याकाळी गेलं तर वाचलं जातं, चार दिवसांनी गेलं तर नाही. व्हॉट्सॲप ग्रुप फोटोंसाठी आणि ‘गाडी निघाली’ अशा निरोपांसाठी उत्तम. निर्णय मात्र वहीत, कारण सुप्रभातच्या फुलांखाली दबलेला निर्णय ऐन वेळी सापडत नाही. रोज सकाळी कामाला हात लागण्याआधी दहा मिनिटं सगळ्या मुकादमांना जागेवर, ड्रॉईंगभोवती उभं करणं हे या सगळ्याहून जास्त उपयोगी.

स्लॅब झाल्यावर एक निरोप उरतो, आणि तो अशा माणसासाठी असतो जो आज साईटवर नाही. दोन आठवड्यांनी वरच्या मजल्यासाठी प्लाय हवा म्हणून सेंटरिंगची वेगळीच टोळी येते आणि मोकळे दिसतील ते टेके काढू लागते. आयएस ४५६ प्रमाणे, साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि थंडी फार नसताना, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस ठेवायचे. फ्लाय ॲशवालं सिमेंट असेल तर कन्सल्टंटला विचारून जास्त. हे दिवस कुणाच्या डोक्यात ठेवू नयेत. कॉलमवर, डोळ्यांच्या उंचीला, लाल ऑइल पेंटने लिहावं: स्लॅबची तारीख, टेके काढायची तारीख, आणि ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’, मराठीत आणि हिंदीत. बाल्कनीच्या टेक्यांवर वेगळा लाल पट्टा, ते सगळ्यात शेवटी निघतात. आणि कडेच्या बीमवर एक बाण काढावा, बाहेरून आत दाखवणारा, म्हणजे काढणाऱ्याला कळतं की सुरुवात बाल्कनीच्या मोकळ्या टोकाकडून करून भिंतीकडे यायचंय.